कुणाचं राह्यलंय का?

वडिवळे, ८ डिसेंबर २०२४

चि. गौरव,

आशीर्वाद आहेतच, पण थोडे राखून ठेवलेत. या पत्राला उत्तर आलं की उरलेले पाठवीन.

दोन वर्षं झाली, तू आणि माझा भाऊ, म्हणजे तुझे आबा, एकमेकांशी बोलत नाही, आणि दोघंही माझ्याकडे दुसऱ्याच्या तब्येतीची चौकशी करता. लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सगळी नोकरी लोकांच्या लाइनी जोडण्यात घालवली. बंगलेवाले शेठ, त्यांच्या रुसलेल्या बायका, सगळे बघितले. पण दोन्हीकडून रिसीव्हर कानाला लावून गप्प बसणारी गिऱ्हाइकं तुम्हीच पहिली.

असो. मला फोनवर नीट भांडता येत नाही, म्हणून लिहिते आहे. कामशेतचा झेरॉक्सवाला पप्पू ही पानं स्कॅन करून तुला ई-मेल करणार आहे. तो वाचतो, मला माहीत आहे. पप्पू, वाच बाबा, पण पानं उलटसुलट लावू नकोस.

काम असं आहे, की मला वकील हवाय, आणि फुकटचा हवाय. तू तिकडे आयर्लंडात बसून नैसर्गिक कायदा, सामूहिक हित आणि व्यक्तीचे हक्क यांवर प्रबंध लिहितो आहेस ना? मग घे, तुला गावचंच प्रकरण देते.

विहाराकडच्या आळीतल्या भिमाजीची पायल तुला आठवत असेल. तू लोणावळ्याला माझ्याकडे शिकायला होतास तेव्हा ही एवढीशी होती. आता शेतकीची पदवी घेऊन आली आहे. भिमाजी आंबीच्या कारखान्यात जातो, त्यामुळे कालव्याखालचं त्यांचं खाचर तीच बघते. भात निघाल्यावर ओल होती, म्हणून तिने यंदा हरभरा पेरला. हे तिच्या डोक्यात कुठून आलं कुणास ठाऊक.

आता आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. भात घरात आलं की गावाचं रान मोकळं. बांध कुणाचा, खाचर कुणाचं, कुणी विचारायचं नाही, गुरं फिरतील तिथे फिरतील. पायलने हरभऱ्याला तारेचं कुंपण घातलं आणि तुझे आबा पेटले. म्हणाले, "आज हिनं तार वडली, उंद्या बंगलेवालं भितीच घालत्याल. मंग येसूबाईच्या शेरडांनी काय खायाचं? बंगलेवाल्यांची कागदं?"

हे बोलणं उडवून लावण्यासारखं नाही, हे तुलाही कबूल करावं लागेल. येसूबाईकडे जमिनीचा तुकडा नाही. ती बाई या मोकळ्या रानावरच शेरडं जगवते. पण पायलचंही खरं आहे. खाचर तिचं, घाम तिचा, आणि हा हरभरा साधला तर बाप कारखान्याची रात्रपाळी सोडणार आहे. नाही साधला तर ती पुण्याला कुठल्याशा खताच्या कंपनीत जाईल आणि पुन्हा शेताचं नाव काढणार नाही. तसं तिने मला सांगितलं आहे, हसत हसत, पण सांगितलं आहे.

आबांनी ग्रामसभेत विषय घेतलाय: कुंपण काढा. तर सांग, तुझा तो नैसर्गिक कायदा कुणाच्या बाजूने आहे?

हे पत्र मी आपण होऊन लिहिते आहे, आबांनी सांगितलेलं नाही. ते ओट्यावर बसून विळ्याला धार लावताहेत. भात घरात येऊन महिना झाला आणि हरभरा तर हाताने उपटतात. म्हणजे धार कशासाठी चालली आहे ते तूच समज. मी लिहिताना पुटपुटते, ही माझी जुनी खोड त्यांना माहीत आहे.

तुझी आत्या,
शालन


वडिवळे, २७ डिसेंबर २०२४

चि. गौरव,

उरलेले आशीर्वाद सोबत. उत्तर आलं, चार पानी आलं, आणि पप्पूने प्रिंट काढताना पहिलंच सांगितलं, "मावशी, लय जड लिहितो तुमचा भाचा." मावशी तुझी असेन, पण तो माझ्या भावाचा मुलगा आहे, मी त्याची आत्या आहे, असं मी त्याला बजावलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

तीन पानं मी तशीच ठेवली. चौथ्यावरची दोन वाक्यं मात्र ग्रामसभेत चष्मा लावून वाचून दाखवली: "सामूहिक हित म्हणजे बहुतेकांचं हित नव्हे. एकाला वगळून जे सगळ्यांचं होतं, ते सगळ्यांचं नसतंच."

देवळापुढे माणसं बरीच होती. मला वाटलं, आता आबा भडकणार. पण ते तर खुशीत उठून उभे राहिले! म्हणाले, "ह्यात त्यानं नवीन काय लिवलं? माजा बाप ह्येच करत व्हता. पोरांनो, तुमास्नी हाळी ठावं न्हाई. रान मोकळं करायच्या दिशी माजा बाप मारुतीम्होरल्या बांधावर उबा ऱ्हायचा आन् तीनदा हाळी द्यायचा, कुणाचं राह्यलंय का? कुणी व्हय म्हनला, की समद्या गावाची गुरं दाव्याला. मंग समदं गाव त्याच्या रानात जायाचं, त्याचं काडून द्यायाचं, आन् तवा गुरं सुटायची. एकाचं भात उबं असलं तरी सुटत नव्हती. असं व्हतं गाव!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा बसणार एवढ्यात मागून पायल म्हणाली, "काका, मग माझं राहिलंय की."

गौरव, तू असायला हवा होतास. सगळी सभा हसली. येसूबाई तर पदर तोंडाला लावून हसत होती, तिच्याच शेरडांचा प्रश्न असताना. आबा म्हणाले, "ते भाताचं म्हनतुय मी. हरभऱ्याचं न्हाई."

आता तुम्ही कायदेपंडित म्हणता ना, की नियमाचे शब्द बघायचे की नियम कशासाठी केला ते बघायचं? ते भांडण आपल्या देवळापुढे तास दीड तास चाललं, एकही पुस्तक न उघडता. शेवटी ठरलं काहीच नाही. पायलने एक केलं, भर सभेत सांगितलं की तार मी काढते. "कुंपण नको असेल तर नको. पण मग गावाने राखायचं." आणि दुसऱ्या दिवशी खरंच काढली. उघडं शेत आणि कोवळा हरभरा.

आबांना वाटलं आपण जिंकलो. पण एक अडचण होती. मोकळ्या रानाचा हक्क बजावायला गुरं लागतात, आणि आपला गोठा ट्रॅक्टर आल्यापासून रिकामा आहे. वरच्या आळीत कुणाकडेच जनावर उरलेलं नाही. तेव्हा हक्क बुडू नये म्हणून आबांनी काय केलं असेल? गाय विकत आणली. आंबीकडच्या एका डेअरीतून, कानात पिवळा बिल्ला असलेली, ढबू.

पहिल्या दिवशी तिला सोडायला आबा फेटा बांधून गेले. सोडली. ती हलेना. डेअरीत जन्म गेलेला, तिला खायला समोर आणून घालायची सवय. गवतात उभी राहून ती आबांकडे बघत राहिली, आणि थोड्या वेळाने त्यांच्या मागे मागे घरी आली. आता रोज हेच चालतं. तुझी आई तिला "वहिवाट" म्हणते. "वहिवाटेला पेंड घाला, वहिवाट आज दूध कमी देते." आबा ऐकतात आणि पेंड घालतात.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहिली. हरभऱ्याचं बियाणं मी आणून दिलं होतं. कल्पनाही अर्धी माझीच. तू ओळखलं असशीलच, तुझ्या उत्तरात "आत्या, तू या खटल्यात तटस्थ आहेस का?" असं एक ओळीचं कुत्सित वाक्य आहे. नाही. मी मुळीच तटस्थ नाही. मी एकटीच्या पगारावर, एकटीच्या खोलीत आयुष्य काढलं, आणि गावाने मला त्यावरून पुष्कळ ऐकवलं. एखादी पोर आपल्या रानात आपल्या मनाचं पेरते आहे म्हटल्यावर मी बियाणं देणारच.

तुझी,
आत्या


वडिवळे, १९ जानेवारी २०२५

चि. गौरव,

तुझं दोन ओळींचं पत्र आलं होतं: "आत्या, हाळी देताना आजोबांचं तोंड कुणीकडे असायचं? गाव म्हणजे कोण, हे आधी विचार."

ती चिठ्ठी मी आठवडाभर पिशवीत घेऊन फिरले. आबांना विचारलं नाही. भ्याले, सरळ सांगते. कारण मला उत्तर माहीत होतं. लहानपणी मी त्याच बांधाखाली उभी असायचे. मारुतीपुढून हाळी दिली की ती वरच्या आळीवर जाते. विहाराकडची आळी पाठीमागे, उताराखाली.

पण परवा ते आपोआपच बाहेर आलं, आणि ते वहिवाटेमुळे.

तिला कुणी चरायला शिकवलं असेल? येसूबाईच्या शेरडांनी. त्यांच्यामागून ही बया रमतगमत कालव्याकडे गेली. शेरडांना येसूबाईने हाकलून डोंगराकडे वळवलं, ही मात्र तिथेच थांबली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर जेवली. पायलच्या हरभऱ्यात. बांधालगतच्या दोन ओळी साफ.

पायलने तिला धरलं. कायद्याने कोंडवाड्यात घालता आलं असतं, पण आपल्या कोंडवाड्यात गणपती मंडळाची आरास ठेवलेली असते, तिथे गाय कुठे मावणार? म्हणून तिने ती स्वतःच्या दारात बांधली आणि निरोप पाठवला: गाय घेऊन जावी.

आबा निघाले, मीही मागोमाग गेले. खरं सांगू का, त्या आळीत आबा लग्नाकार्याखेरीज कधी गेलेले मला आठवत नाहीत. भिमाजी रात्रपाळी करून नुकताच उठला होता. त्याने खुर्ची दिली, पायलने चहा ठेवला. आबा नुकसानीचं बोलायला लागले, तर भिमाजी म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या, भाऊ. चार झाडं गेली त्याचं काय येवढं. सभेत तुमी हाळीचं सांगितलं. माज्या बाचं भात दोन साल तुमच्या गुरांनी खाल्लं. हाळी झाली व्हती म्हणं. आमच्याकडं तोंड करून कुणी दिली न्हवती."

आवाज चढवला नाही, काही नाही. हवामान सांगावं तसं बोलला.

आबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मला ठावं न्हवतं, भिमाजी."

"तुमाला ठावं असायची गरज न्हवती," भिमाजी म्हणाला.

मी कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. मला लाज वाटली, कारण मला ठाऊक होतं. तेवढ्यात पायल म्हणाली, "काका, तिची धार काढायची वेळ झालीय, कधीची हंबरतेय." आबा उठले, तिथेच बसून धार काढली, आणि भरलेलं भांडं पायलच्या हातात देऊन गाय घेऊन निघाले. घराजवळ आल्यावर मी पिशवीतून तुझी चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली. मग विचारलं, "ह्ये त्याला कसं सुचलं?"

मी म्हटलं, "हेच तो शिकतोय."

"मला वाटलं, नुस्ती विंग्रजी शिकतुय," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कालव्याकडे गेले तर पायलच्या बांधाला जिथे खिंड आहे, जिथून वहिवाट आत शिरली होती, तिथे एक पाटी आडवी लावलेली. ती पाटी तुला आठवते का? तू वडगावला वकिली करशील म्हणून आबांनी खोली बघून ठेवली होती आणि तुला न विचारता तुझ्या नावाची पाटी रंगवून आणली होती. ज्या दिवशी तू "गावाच्या नावाखाली तुम्ही स्वतःचाच हट्ट चालवता" असं म्हणून निघून गेलास, त्या दिवसापासून ती खुराड्याचं दार होती. आता ती पायलच्या हरभऱ्याची राखण करते आहे. "ॲडव्होकेट गौरव" एवढं स्पष्ट दिसतं, बाकीचं कोंबड्यांनी खराब केलंय.

आबा बांधावर बसले होते, हातात काठी. मला बघून तेच म्हणाले, "आक्का, पीक निघूस्तवर मी हितंच बसनार. माजी गाय हाय, माजा भरवसा न्हाई."

तुझी,
आत्या

ता.क. पप्पूने हे पत्र स्कॅन करताना दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. म्हणाला, शांतपणे वाचायचंय.


वडिवळे, २ मार्च २०२५

चि. गौरव,

हरभरा निघाला. सगळं सांगते, फक्त मधेच शेवट शोधू नकोस, तुला लहानपणापासून ती सवय आहे.

काल सकाळी पायल तिच्या आईला घेऊन उपटायला गेली, तर तिच्याआधी खाचरात आबा, तुझी आई, वरच्या आळीतली पाचसात घरं, आणि सगळ्यांत पुढे येसूबाई. येसूबाईचा सौदा आधीच ठरला होता: दोन महिने तिने शेरडं डोंगराच्या अंगानेच राखली, आणि मळणी झाली की हरभऱ्याचा सगळा भुसा तिचा. ती मला म्हणाली, "आक्का, ह्यो भुसा माजी शेरडं पेढ्यावानी खात्यात. फुडल्या साली समद्यांनी पेरा."

दुपारपर्यंत शेत मोकळं झालं. ओल्या घाट्यांचा हुळा भाजला, सगळ्यांची तोंडं काळी. तुझ्या आईने आबांना सगळ्यांदेखत विचारलं, "भाताचं व्हतं न्हवं? हरभऱ्याचं न्हाई म्हनला व्हता?" आबा म्हणाले, "भाताचं आन् हरभऱ्याचं." लगेच पायलने विचारलं, "आणि वालाचं, काका?" आबांनी हात जोडले. हा तुमच्या भाषेत कायद्याचा अर्थविस्तार म्हणायचा का?

पायल पुण्याला जात नाही. भिमाजीने रात्रपाळी सोडायचा अर्ज दिलाय. हे मला लिहिताना इतका आनंद होतोय की अक्षर बिघडलं, चालवून घे.

मग संध्याकाळी आबांनी सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, हाळी द्यायची राहिली आहे. गावात कित्येक वर्षांत हाळी झालेली नाही, नव्या पोरांनी तर फोन वर धरले. मला वाटलं, ते मारुतीकडे जातील. ते गेले नाहीत. पायलच्याच बांधावर, तुझी पाटी आहे तिथे, चढून उभे राहिले. पहिली हाळी त्यांनी विहाराकडच्या आळीकडे तोंड करून दिली. "कुणाचं राह्यलंय का?"

भिमाजी त्याच्या दारात उभा होता. त्याने हात वर करून सांगितलं, "न्हाई, भाऊ! समद्यांचं झालं!"

दुसरी हाळी वरच्या आळीला दिली. तिकडूनही झालं म्हणून आवाज आला.

तिसरी द्यायच्या आधी ते खाली वाकले आणि मला हळूच विचारलं, "आक्का, आयर्लंड कंच्या अंगाला?"

मला काय कळणार? मी लोणावळ्याकडे बोट दाखवलं. तू लहान असताना घर सोडून पहिल्यांदा तिकडेच, माझ्याकडे, गेला होतास, म्हणून असेल. आबा तिकडे वळले. फेटा सरळ केला. आणि पहिल्या दोन्हींपेक्षा मोठ्याने, छाती फुटेल अशी तिसरी हाळी दिली, "कुणाचं राह्यलंय का?"

मग ते उत्तरासाठी थांबले. गौरव, ते बराच वेळ थांबले. पोरांनी फोन खाली केले. कुणी हसलं नाही. तुझी आई रडायला लागली. वहिवाट दावं ताणून उभी होती, सुटायची वाट बघत, पण आबांनी तिला सोडलं नाही. काठी टेकून घरी आले आणि म्हणाले, "अजून एक जण बोललं न्हाई. तवर बांधलेलीच ऱ्हाऊ दे."

तेव्हा आता रीत काय सांगते ते तुला ठाऊक आहे. एकाचं जरी राहिलं असलं तरी सगळं गाव थांबतं, आणि ज्याचं राहिलंय त्याने बोलायचं असतं. तुझ्या प्रबंधात हे कुठल्या प्रकरणात बसतं ते नंतर बघ.

आज आबा ओट्यावर बसलेत. विळा नाही, काही नाही, फोन शेजारी ठेवलाय आणि तो दर थोड्या वेळाने उचलून चालू आहे का बघतात. लाइन मी तपासली आहे. स्वच्छ आहे.

तुझी,
शालन आत्या